मैनेचे कुंपण

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जनावरे असतील. कोणाच्या दारात दोन शेळ्या असतील, कोणाकडे म्हैस असेल, कोणाकडे बैलजोडी असेल. जनावर घरात असले की ते घरातलेच होऊन जाते. त्याला भूक लागली की आपल्याला कळते. ते आजारी पडले की आपल्याला जेवण गोड लागत नाही. असे जनावर अचानक गेले तर काय करावे? आणि ते जाऊ नये म्हणून आधी काय करावे? या दोन प्रश्नांबद्दल आज मी तुम्हांला सांगणार आहे.

जालना जिल्ह्यातील एका लहान गावातल्या शाळेत मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. विषय सोपा होता. अर्ध्या तासात सगळ्या वह्या टेबलावर आल्या. कोणी मांजरावर लिहिले होते, कोणी पोपटावर. एका वहीत मात्र फक्त विषयाचे नाव लिहिले होते. खाली सगळे पान कोरे होते.

तो मुलगा अभ्यासात चांगला होता. मी त्याला सुट्टीत जवळ बोलावले आणि विचारले, “काय रे, शब्द आठवले नाहीत का?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, आमची मैना मेली. गाठ मी बांधली होती.”

मैना ही त्याच्या दादांची घोडी. दादा म्हणजे त्याच्या वडिलांचे वडील. ते तरुणपणी जालना स्टेशनावर टांगा चालवत असत. गाडी आली की स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागे. पुढे रिक्षा आल्या आणि टांग्यांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. दादांनी टांगा विकला आणि ते गावी येऊन राहिले. पण त्यांची घोड्याची सवय सुटली नाही. त्यांनी एक पांढरी घोडी पाळली. लग्नसराईत नवरदेवाला मिरवण्यासाठी लोक तिला घेऊन जात. त्यातून घराला चार पैसे मिळत. पहाटे उठून दादा तिला खरारा करत, तोबऱ्यात चंदी भरत. संध्याकाळी तिला पाणी दाखवून बांधण्याचे काम नातवाचे होते.

त्या दिवशी काय झाले ते मुलाने मला सांगितले. मे महिना होता. संध्याकाळी त्याने मैनेला अंगणात बांधले. घोड्याला पुढून बांधतात त्या दोरीला अगाडी म्हणतात आणि मागच्या पायांना बांधतात त्या दोरीला पिछाडी म्हणतात. मुलाला खेळायला जायची घाई होती. त्याने फक्त अगाडी बांधली आणि तीही घाईघाईने. रात्री रस्त्यावरून एक वरात निघाली. फटाक्यांची मोठी माळ लागली. मैना बिथरली. तिने झटका दिला, गाठ सुटली आणि ती अंधारात धावत सुटली. शेजारी मोसंबीची बाग होती. बागेला काटेरी तारेचे कुंपण होते. मैना सरळ त्या तारांत शिरली.

बागेचे मालक पक्कड घेऊन धावत आले. त्यांनीच तारा तोडून तिला सोडवले. तिच्या छातीला आणि पुढच्या पायाला जखमा झाल्या होत्या. घरच्यांनी जखमा पाण्याने धुतल्या आणि हळद भरली. चार दिवसांत जखमा सुकू लागल्या. सर्वांना वाटले, संकट टळले. पण दहाव्या दिवशी मैनेचे पाय लाकडासारखे ताठ झाले. कान उभे राहिले. तिला तोंड उघडता येईना. भांडे वाजले तरी तिचे सगळे अंग आखडे. पशुवैद्यकीय डॉक्टर आले. तपासून ते म्हणाले, “हा धनुर्वात आहे.” त्यांनी होते ते सगळे उपचार केले, पण दोन दिवसांनी मैना गेली.

त्यानंतर घरात आणि शेजारात एकमेकांना दोष देणे सुरू झाले. दादा बागवाल्यांना म्हणाले, “तुमच्या तारेनं माझी घोडी मारली.” बागवाले म्हणाले, “चाचा, तुमची घोडी मोकळी सुटली, माझी नवी रोपं तुडवली गेली. मी काय बोललो का?” कोणी वरातीतल्या लोकांना नावे ठेवली. मुलगा मात्र कोणालाच काही बोलला नाही. गाठ आपण बांधली होती, म्हणून मैना आपल्यामुळे मेली, असे त्याच्या मनाने घेतले. म्हणून त्याचे पान कोरे राहिले.

घोडा गमावण्याचे दुःख आपल्या जिल्ह्याला नवे नाही. भोकरदनच्या बाजूला असई नावाचे गाव आहे. केळना आणि जुई या नद्यांच्या परिसरात २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचे सैन्य होते आणि त्याचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. त्या एका दिवसात हजारो माणसे पडली आणि कितीतरी घोडे मेले. खुद्द वेलस्ली बसलेला एक घोडा गोळी लागून पडला आणि त्याच्या दुसऱ्या घोड्याच्या छातीत भाला घुसला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत तो कोपनहेगन नावाच्या घोड्यावर बसला होता. हा घोडा १८३६ मध्ये म्हातारा होऊन मेला. तेव्हा वेलिंग्टनच्या इंग्लंडमधील जमिनीत त्याला लष्करी मानाने पुरण्यात आले. असईच्या रणांगणावर मेलेल्या घोड्यांसाठी मात्र कोणी बंदुकीची सलामी दिली नाही. तरीही त्या प्रत्येक घोड्याला खरारा करणारा कोणीतरी मोतद्दार असेलच. त्याच्या मनाला काय वाटले असेल, याचा विचार करा. घोडा सेनापतीचा असो की टांगेवाल्याचा, त्याच्याबरोबर राहिलेल्या माणसाचे दुःख सारखेच असते. म्हणून “एक जनावर तर गेले, त्यात काय रडायचे?” असे कोणालाही म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या परवानगीने वर्गात ही हकिगत सांगितली आणि फळ्यावर एक साखळी काढली. साखळीला सहा कड्या होत्या. मी विचारले, “मैना कशामुळे गेली?” मुले एकेक कारण सांगत गेली आणि मी प्रत्येक कडीत एक कारण लिहीत गेलो. पहिली कडी, कच्ची गाठ. दुसरी, अंगणाला कुंपण नव्हते. तिसरी, फटाक्यांचा आवाज. चौथी, काटेरी तार. पाचवी, तार अंधारात दिसत नव्हती. सहावी, जखमेनंतर धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले नाही.

मग मी म्हणालो, “आता यांतली कोणतीही एक कडी पुसा. मैना वाचली असती की नाही?” वर्ग विचार करू लागला. गाठ सुटली असती तरी अंगणाला कुंपण असते तर मैना आतच राहिली असती. कुंपण नसते तरी तार काटेरी नसती तर जखम झाली नसती. जखम झाली असती तरी वेळेवर इंजेक्शन मिळाले असते तर बहुधा ती वाचली असती. म्हणजे दुर्घटना एका चुकीने होत नाही. अनेक लहान चुका एकामागे एक जुळून येतात, तेव्हा ती होते. सगळा दोष एकाच्या डोक्यावर टाकणे म्हणूनच बरोबर नाही. त्याचा उपयोगही नाही. आपण एकाला दोष देतो आणि बाकीच्या पाच कड्या तशाच राहतात. पुढचे जनावर त्याच कड्यांत अडकते.

आता या कड्या तोडायच्या कशा ते पाहू.

त्यासाठी आधी घोड्याचा स्वभाव समजला पाहिजे. घोडा हा गवत खाणारा आणि कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत. धोका दिसला की पळणे हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या बरोबर मागचे दिसत नाही. त्याचे कान फार तिखट असतात. आवाजाने तो बिथरला की आधी पळतो आणि मग पाहतो. अशा वेळी बारीक तार त्याला दिसत नाही. तारेत पाय अडकला की बैल किंवा म्हैस बहुधा थांबते. घोडा मात्र जोराने ओढतो आणि जखम वाढवतो. म्हणून घोड्यासाठी काटेरी तार कधीही लावू नये. घोड्याचे कुंपण त्याला लांबून दिसणारे असावे.

बांधण्याची गाठ कशी असावी? जनावराने ओढले तर ती सुटू नये. पण माणसाने मोकळे टोक खेचले की लगेच सुटावी. आग लागली किंवा जनावर पडले तर ते पटकन सोडवता आले पाहिजे. गळ्याला आवळत जाणारा फास कधीही घालू नये. दोरी फार लांब असली तर पाय अडकतो. फार आखूड असली तर जनावराला बसता-उठता येत नाही. जनावराला फार आखूड किंवा फार जड दोरीने अथवा साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ही गाठ मोठ्या माणसांकडून शिकून घ्यावी आणि रोज एकदा ओढून पाहावी.

पण नुसत्या गाठीवर विसंबून राहू नये. गाठीमागे कुंपण हवे. घोड्याच्या कुंपणाची उंची सुमारे पाच फूट असावी. खांब सात फुटांचा घेतला तर दोन फूट जमिनीत जातो आणि पाच फूट वर राहतो. दोन खांबांमध्ये आठ ते दहा फूट अंतर ठेवावे. कोपऱ्यातल्या खांबांवर सगळा ताण येतो. ते जाड असावेत आणि त्यांना तिरपे टेकू द्यावेत.

आपल्या जिल्ह्यात काळी माती पुष्कळ आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे नुसत्या मातीत रोवलेला खांब दोन वर्षांत हलू लागतो व कलतो. खड्ड्यात खांब उभा केल्यावर दगड आणि मुरूम घालून चांगले ठोकावे. कोपऱ्यांच्या खांबांना सिमेंट-काँक्रीट घालावे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा प्रत्येक खांब हलवून पाहावा.

आडव्या बल्ल्या किंवा बांबू खांबांच्या आतल्या बाजूने, म्हणजे जनावराच्या बाजूने बांधावेत. जनावराने अंग टेकले तर बांबू खांबावर दाबला जातो. बाहेरच्या बाजूने बांधला तर तो उखडून पडतो. तार लावायची असेल तर ती गुळगुळीत असावी आणि तिला पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात. पांढरा रंग अंधुक उजेडातही दिसतो. सर्वांत खालची आडवी ओळ जमिनीपासून सुमारे एक फूट वर असावी, म्हणजे खूर अडकत नाही. शेळ्यांसाठी मात्र जमिनीपर्यंत जाळी लागते, नाहीतर करडे खालून निसटतात. जाळीची भोके बारीक असावीत. भोक मोठे असेल तर शिंगे असलेल्या शेळीचे डोके आत जाते आणि बाहेर येत नाही.

फाटक आत उघडणारे असावे. त्याला दोन कड्या असाव्यात, एक वर आणि एक खाली. हुशार घोडा ओठांनी एक कडी उघडतो. दोन उघडणे त्याला अवघड जाते. कुठेही खिळ्याचे टोक बाहेर ठेवू नये. काम झाल्यावर तारेचे तुकडे आणि खिळे वेचून घ्यावेत. गाय चारा चावण्याआधी भराभर गिळते. त्याबरोबर तारेचा तुकडा पोटात गेला तर तो पोटाला भोक पाडून हृदयापर्यंत जाऊ शकतो.

पैसे नसतील तर काय करावे? आपल्या खेड्यांत बोरी-बाभळीच्या काट्यांची फांजर घालतात. ती स्वस्त असते. ती गुरांना अडवते. पण दर वर्षी नवी करावी लागते. घायपात, निवडुंग यांचे जिवंत कुंपण अनेक वर्षे टिकते. अशा काटेरी कुंपणाच्या आत घोडा ठेवायचा असेल तर आतून बांबूची एक रांग जरूर लावावी. गोठ्याजवळ कण्हेर मात्र कधीही लावू नये. तिची फुले सुंदर दिसतात; पण तिची पाने घोडा, गाय, शेळी सर्वांनाच विषारी असतात. थोडी पाने खाल्ली तरी जनावर दगावू शकते.

कुंपणाच्या बाहेर आणखी काही धोके आहेत. आपल्याकडे पुष्कळ विहिरींना कठडा नाही. गवताने झाकलेली विहीर रात्री दिसत नाही. विहिरीला कठडा बांधणे हे जनावरासाठी आणि मुलांसाठीही आवश्यक आहे. शेततळ्यांचेही तसेच आहे. जालना तालुक्यातील कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या आधाराने द्राक्षबागा फुलवल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की निसरडा होतो. पाणी प्यायला उतरलेले जनावर किंवा पोहायला उतरलेला मुलगा वर चढू शकत नाही. म्हणून शेततळ्याभोवती जाळी लावावी आणि आत गाठी मारलेला दोर सोडून ठेवावा.

दुसरा धोका कोवळ्या ज्वारीचा. सुटलेले जनावर ज्वारीत शिरते. कोवळ्या ज्वारीत आणि पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत एक तीव्र विष तयार होते. ती भरपूर खाल्ली तर गाय-बैल थोड्याच वेळात धापा टाकतात आणि मरू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. लगेच डॉक्टरांना बोलवावे.

तिसरा धोका विजेचा. काही लोक रानडुकरांना अडवण्यासाठी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतात. हे कायद्याविरुद्ध आहे आणि फार भयंकर आहे. त्यात जनावरे मरतात आणि माणसेही मरतात. बाजारात सौरशक्तीवर चालणारे ‘झटका मशीन’ मिळते. ते क्षणभरच झटका देते. त्यामुळे जनावर घाबरून मागे सरते. पण मरत नाही. लावायचेच असेल तर तेच, जाणकाराकडून बसवून घ्यावे आणि त्यावर धोक्याची पाटी लावावी.

आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले तर भांडण होते. हे भांडण फार जुने आहे. त्यासाठी १८७१ मध्ये इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि गावोगावी कोंडवाडे आले. त्या कायद्यात गाई-म्हशींबरोबर हत्ती, उंट, घोडे, गाढवे, शेळ्या-मेंढ्या यांचीही नावे आहेत. शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात नेता येत असे आणि मालकाला पैसे भरून ते सोडवावे लागे. यातला विचार साधा आहे. नुकसान झाले तर मालकाने भरून द्यावे. पण मुक्या जनावराला मारू नये. जनावराला जखमी करणे हा गुन्हाच आहे.

आता शेवटची कडी, म्हणजे धनुर्वात. या रोगाचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणा-लिदीत असतात. ते सूक्ष्म रूपात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. खोल जखमेत हवा पोहोचत नाही. तेथे हे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नसांवर परिणाम करते आणि स्नायू आखडतात. रोगाची लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोपर्यंत वरची जखम भरूनही आलेली असते. म्हणूनच लोक फसतात. पाळीव जनावरांमध्ये हा रोग घोड्याला विशेष सहज होतो. जखम लहान असली तरी ती स्वच्छ धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून इंजेक्शन द्यावे. हळद लावल्याने धनुर्वात टळत नाही. घोड्याला आधीच लस टोचून घेतलेली असेल तर उत्तम. गावाजवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो क्रमांक आहे. आणि मुलांनो, तुमच्या स्वतःच्या पायात गंजका खिळा घुसला तरी हाच नियम लक्षात ठेवा.

एवढे करूनही कधी कधी जनावर जाते. मग काय करावे?

पहिली गोष्ट, मृत्यूचे कारण डॉक्टरांकडून समजून घ्यावे. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून रक्त येत असेल तर त्याला हात लावू नये आणि कापू तर मुळीच नये. काही रोग मेलेल्या जनावरापासून माणसाला होतात. विमा उतरवला असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला कळवावे. नंतर विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्डा खणून, चुना टाकून जनावर पुरावे. त्याला उघड्यावर टाकू नये.

दुसरी गोष्ट, मागे राहिलेल्या जनावरांकडे लक्ष द्यावे. सोबती गेल्यावर घोडा हाका मारतो, चारा टाकतो. त्याला एकटे ठेवू नये. त्याचे चारापाणी ठरलेल्या वेळी करावे.

तिसरी गोष्ट माणसांची. दुःख झाले तर रडावे. त्यात लाज नाही. घरातल्या लहान मुलांना “ती जत्रेला गेली” असे खोटे सांगू नये. खरे सांगावे आणि त्यांच्याजवळ बसावे. कोणी गप्प गप्प राहू लागला तर त्याला बोलते करावे. ज्याच्या हातून चूक झाली आहे त्याला “तुझी काही चूकच नाही” असेही म्हणू नये, कारण त्याला ते पटत नाही. त्याची चूक किती आणि बाकीची कारणे किती, हे त्याच्याबरोबर शांतपणे मोजावे. आम्ही फळ्यावर केले ते हेच.

त्या संध्याकाळी मी मुलाबरोबर त्याच्या घरी गेलो. दादा ओसरीवर बसले होते. मुलाने त्यांच्यासमोर उभे राहून सांगितले, “दादा, गाठ मी नीट बांधली नव्हती. पिछाडी लावलीच नव्हती.” एवढे दिवस ही गोष्ट त्याने घरी सांगितली नव्हती. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्याला जवळ ओढले आणि म्हणाले, “बेटा, गाठ तुझी कच्ची होती. पण अंगणाला कुंपण घालायचं काम माझं होतं. सुई टोचून घ्यायचं कामही माझंच होतं. तू बारा-तेरा वर्षांचा, मी सत्तर वर्षांचा. आता सांग, जास्त चूक कोणाची?”

आपल्या घरांत वडीलधारी माणसे सांगतात, की आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. दादांनी त्या दिवशी हेच सांगितले. ते म्हणाले, “बांधायचं राहून गेलं, आता तरी बांधू.”

पुढच्या आठवड्यात कुंपणाचे काम सुरू झाले. खड्डे खणायला बागवाले स्वतः आले. मुरूम त्यांच्याच ट्रॅक्टरमधून आला. आपल्या काटेरी तारेला रस्त्याच्या बाजूने त्यांनी पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. दादा त्यांना म्हणाले, “त्या रात्री तारा तोडायला तुम्हीच धावलात. मी उगाच बोललो.” बागवाले म्हणाले, “राहू द्या, चाचा. दुःखात माणूस बोलतो.”

दादांनी लगेच दुसरी घोडी घेतली नाही. “मैनेची जागा अजून मोकळी झाली नाही,” असे ते म्हणत. वर्षभर त्या कुंपणात चार शेळ्याच होत्या. त्यांच्यासाठी खाली जाळी लावली होती. मैनेच्या गळ्यातली घंटा मुलाने फाटकाला बांधली आहे. फाटक हलले की घंटा वाजते आणि घरात कळते. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर तो कुंपणाभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक खांब हलवून पाहतो.

वार्षिक परीक्षेच्या आधी त्याने मला ती निबंधाची वही परत आणून दिली. कोरे पान भरलेले होते. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, ‘निबंध चांगला आहे. मैना डोळ्यांसमोर उभी राहिली.’

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाच्या वहीतील पान कोरे का राहिले?
(आ) अगाडी आणि पिछाडी म्हणजे काय?
(इ) गोठ्याजवळ कण्हेर का लावू नये?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घोड्यासाठी काटेरी तारेचे कुंपण धोक्याचे का असते?
(आ) काळ्या मातीत खांब रोवताना कोणती काळजी घ्यावी?
(इ) “सगळा दोष एकाच्या डोक्यावर टाकणे बरोबर नाही,” असे लेखक का म्हणतात?

३. वाक्यांत उपयोग करा.
बिथरणे, विसंबून राहणे, नावे ठेवणे, मनाने घेणे.

४. तुमच्या घराजवळील एक गोठा, विहीर किंवा शेततळे पाहा. तेथे कोणत्या कड्या कच्च्या आहेत ते लिहा आणि घरातील मोठ्या माणसांना वाचून दाखवा.